उलटं करून बघा: फ्रेडरिक्सबर्गचा शनिवारचा बाजार

कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये, टाउन हॉलच्या मागे, एप्रिल ते ऑक्टोबर दर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. सहा वर्षं इथे राहते आहे, आणि डॅनिश सिरॅमिक्स घ्यायला मला याहून चांगली जागा सापडलेली नाही. कपडे, खेळणी, पुस्तकं मी भराभर मागे टाकते. चिनीमातीच्या टेबलापाशी मात्र तासभर सहज जातो.

इथे वस्तू हातात घेता येते, हे सगळ्यात मोठं. एकदा ऑनलाइन मागवलेल्या चिनीमातीच्या पक्ष्याची चोच चिकटवून वर रंग दिलेला निघाला. फोटोत काहीच कळत नव्हतं. तेव्हापासून मी कडांवरून नख फिरवल्याशिवाय पैसे देत नाही. ग्लेझ, म्हणजे भाजलेल्या मातीवरचा चकचकीत थर, बोटाला गार, काचेसारखं लागतं. दुरुस्तीचा रंग किंचित मऊ. आणि फुलदाणी असेल तर टिचकी. सांगलीला आजी माठ घेताना मारायची तशीच. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे.

मग वस्तू उलटी करायची. तळाशी तीन निळ्या लाटा म्हणजे 1775 साली सुरू झालेली चिनीमातीची कंपनी, रॉयल कोपनहेगन. त्या लाटा डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्यांच्या. लाटांवरून आडवा ओरखडा असेल तर माल दुय्यम प्रतीचा, कारखान्यानेच तसा ठरवलेला. पोर्सेलीनवर 1935 पासूनच्या शिक्क्यात एखाद्या अक्षराच्या वर किंवा खाली बारीक रेघ असते, तिच्यावरून साल काढता येतं.

गेल्या सप्टेंबरात तिथेच मला रॉयल कोपनहेगनसाठी प्राणी घडवणाऱ्या क्नूद क्यून यांचं अस्वलाचं पिल्लू मिळालं. स्टोनवेअर, म्हणजे खूप तापवून भाजलेली घट्ट माती, मुठीत मावेल एवढं. ‘सुंग’ नावाचं तपकिरी ग्लेझ पाठीवर पातळ होऊन तांबूस दिसतं आणि पंजांच्या खाचांत साठून जवळजवळ काळं होतं. क्यून मूळचे चित्रकार. नुसतं पोक काढून बसलेलं जनावर, पण त्याचं वजन हाताला जाणवतं. मागच्या पायाखाली ग्लेझमध्ये टाचणीएवढं भोक आहे, म्हणून लाटांवर ओरखडा, म्हणून तीनशे क्रोनर. मला ते भोकही आवडतं.

दोन सूचना. नऊच्या सुमाराला पोचा. व्यापारी चांगला माल लवकर उचलतात. आणि अनेक विक्रेते मोबाइलपे या ॲपवरून पैसे घेतात, ते नसेल तर रोख क्रोनर जवळ ठेवा. घासाघीस होते, पण हळू आवाजात आणि थोडीच. पावसात मात्र निम्मी टेबलं रिकामी असतात.

मागच्या खेपेला एका आजोबांकडे साक्स्बोची वाटी पाहिली. नाताली क्रेब्स या केमिकल इंजिनिअर बाईंच्या कार्यशाळेतली. ती कार्यशाळा 1968 ला बंद पडली. वाटी राखाडी-निळी, मॅट, हातातून खाली ठेवावीशी वाटेना. नऊशे सांगितले, मी सातशेवर अडले, त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत ठेवली. या शनिवारी नऊशे घेऊन जाते आहे.