दहा महिने वापरल्यावर: मशीन झकास, वायरीनं जीव खाल्ला

सिलिकॉनचं, चार्जिंगवालं, आठ पॅटर्नचं व्हायब्रेटर, २,८९९ रुपयांचं. एवढ्यावर ज्यांना कळायचं त्यांना मॉडेल कळेल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण मिटलं की नाही हे माझं मलाच अजून उमगलेलं नाही. मे महिन्यात घेतलं, आता मार्च चालू आहे. मधे एकदा बंद पडलं, घरच्या घरी सुरू झालं, परत बंद पडलं, मग पस्तीस दिवस कंपनीशी मारामारी. यातला बराचसा भाग डिसेंबरातल्या रागात लिहिलेला आहे. तो तसाच ठेवते. पुढे जिथं मत बदललं तिथं सांगते.

मी शिवणकाम करते. दर्यापूरपासून थोडं आत गाव आहे, खारपाणपट्ट्यातलं. हे मुद्दाम सांगते, कारण या गोष्टीत पाण्याचा मोठा हात आहे. आमच्या यांचं तालुक्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. खरेदी दोघांच्या मर्जीची, पैसे माझे. अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई मी तीनशे घेते, म्हणजे जवळजवळ दहा ब्लाऊज. त्यामुळे तक्रार करायचा हक्क माझा.

याआधी एक स्वस्तातलं घेतलं होतं, ३९९ चं, मऊ जेलीसारखं. पिशवी उघडली आणि नव्या पावसाळी चपलेचा वास आला. मऊ पीव्हीसी असलं की त्यात प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन घातलेलं असतं, बहुतेकदा थॅलेट. ते हळूहळू बाहेर पाझरतं. शिवाय त्या मालाला बारीक छिद्रं असतात, कितीही धुतलं तरी आतून स्वच्छ होत नाही. मेच्या उन्हात, टिनाच्या खोलीत, पेटीतल्या पेटीत ते पिशवीला असं चिकटलं की सोलून काढावं लागलं. आणि खेड्यात असली वस्तू टाकायची कुठं? उकिरड्यावर कुत्री ओढतात, चुलीत घालावं तर विषारी धूर. शेवटी कागदात गुंडाळून दर्यापूरच्या एसटी स्टँडवरच्या कचरापेटीत टाकून आले. तेव्हा ठरवलं, आता घ्यायचं तर सिलिकॉनचंच. या वस्तूंसाठी आयएसओ ३५३३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक २०२१ पासून आहे. ते पाळतो असं कंपनीनं लिहिलेलं असलं तर बरं, नसेल तर निदान माल कशाचा आहे हे तरी स्पष्ट लिहिलेलं पाहा. ‘बॉडी सेफ’ एवढंच लिहिलं असेल तर पुढं जा.

पार्सल साध्या खोक्यात आलं, त्याबद्दल पूर्ण मार्क. बिलावर ‘पर्सनल मसाजर’. कुरिअरवाल्या पोराचा फोन, “काकू, गावात नाही येत मी, फाट्यावर या.” गेले. खोकं हलवून पाहत म्हणतो, “मशीनचा पार्ट हाय काय?” म्हटलं, हो, पार्टच आहे.

(‘मसाजर’ लिहिण्यामागचं कारण पुढं कळलं. अश्लील वस्तूंच्या विक्रीबद्दलचं कलम पूर्वीच्या दंड संहितेत २९२ होतं, जुलै २०२४ पासून न्याय संहितेत २९४ झालं. त्या भीतीनं सगळे जपून लिहितात. कस्टम्सनं बॉडी मसाजरचा माल अडवला होता, त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये कस्टम्सचं म्हणणं फेटाळलं. त्याचा ‘तसा’ही वापर होऊ शकेल ही अधिकाऱ्याची कल्पना झाली, तेवढ्यावर बंदी लागू होत नाही, असं. आपण बिल मात्र जपून ठेवायचं. पुढं तेच कामी आलं.)

मशीन चांगलं आहे. यावर फार लिहीत नाही. ज्यासाठी घेतलं ते काम करतं, पंचेचाळिशीत करतं, आणि घरातले दोघंही खूश आहेत. वॉटर बेस जेलच वापरा. सिलिकॉनवर सिलिकॉनचं जेल लावलं की पृष्ठभाग खराब होऊ शकतो, आणि कंडोम वापरत असाल तर खोबरेल नको, तेलानं लॅटेक्स फाटतं. झालं. आता वायर.

चार्जिंगला साधी मोबाइलची पिन नाही. मशीनच्या बुडाला दोन चपटे ठिपके, आणि वायरीच्या तोंडाला चुंबक नि दोन स्प्रिंगच्या टाचण्या. जवळ नेलं की टक्कन चिकटतं. पहिल्या दिवशी मला ते फारच आवडलं होतं, दहा वेळा चिकटवून काढून पाहिलं. मूर्खच मी. माझ्या शिलाई मशीनची बॉबिन, बेल्ट, शटल, काहीही तुटलं तरी आठवडी बाजारात मिळतं. ही वायर अख्ख्या अमरावती जिल्ह्यात मिळत नाही.

ऑक्टोबरात चार्ज होणं थांबलं. दिवाही लागेना. मला वाटलं बॅटरी गेली. यांनी रात्री दुकानातून मीटर आणला. वायरीला टेकवला, काट्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “पाच व्होल्ट येऊन राह्यले. बॅटरीले काही नाही झालं. इथं पाह्य.” भिंग धरलं तर एक टाचणी आत रुतून बसलेली, आणि मशीनच्या एका ठिपक्यावर हिरवट पापुद्रा. तांब्याच्या जुन्या गडव्यावर चढतो ना, तसा.

पत्रकात आयपीएक्स-७ लिहिलंय. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी आत पाणी जात नाही. खरं आहे, आत नाही गेलं. पण नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी, मधल्या दिवसांत मी बोअरच्या पाण्यानं धुवायची. आमच्या बोअरचं पाणी म्हणजे तोंडात घालवत नाही इतकं खारं. ते ठिपक्यावर वाळतं, मीठ उरतं, त्यावर चार्जिंगचा करंट लागला की धातू खाऊन टाकतं. हे पत्रक लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार, त्याच्या नळाला गोड पाणी येत असेल. मी अकरा नंबरच्या सुईनं टाचणी उचलली, यांनी कापसाला स्पिरिट लावून ठिपके पुसले. लाल दिवा लागला. तेव्हापासून धुणं माठातल्या पाण्यानं, आणि चार्जिंगला लावण्याआधी सुती चिंधीनं पुसून तासभर मोकळं ठेवणं.

इथंच एक मत बदलते. मेमध्ये मी सगळीकडं सांगत सुटले होते की आवाज अजिबात नाही. आवाज नव्हता, कारण कूलर चालू होता! आमच्याकडचा कूलर सुरू असला की शेजारी ट्रॅक्टर आला तरी कळत नाही. दिवाळीनंतर कूलर बंद झाला आणि पहिल्याच रात्री मला वाटलं, गावभर ऐकू जाईल. खोक्यावर ५० डेसिबलपेक्षा कमी लिहिलंय. डिसेंबरातल्या रात्री, जेव्हा पालीचं चुकचुकणंसुद्धा ऐकू येतं, तेव्हा तो आकडा काही कामाचा नाही. वाकळ जाड असेल तर भागतं. लाकडी पाटावर ठेवू नका, पाट घुमतो. हिवाळ्यात खरेदी करा, म्हणजे फसगत होणार नाही.

डिसेंबरात वायर मानेपाशी तुटली. आतली तार, वरून दिसत नाही. वॉरंटी एक वर्षाची, म्हणून कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं. पहिलं उत्तर, प्रॉडक्ट चालू होत नाही याचा व्हिडिओ पाठवा. आता बंद पडलेली वस्तू बंद आहे याचा काय पिक्चर काढायचा? तरी काढला. शिलाई मशीनच्या फळीवर टेप आणि खडूशेजारी ठेवून बटण दाबत होते, तेवढ्यात सासूबाई दारात. “काय हाय वं थे?” “तेलाची कुपी हाय, नवीन.” “लय मोठी हाय!” व्हिडिओत हे सगळं आलं. तोच पाठवला, परत कोण काढत बसतं.

दुसरं उत्तर, वायर अ‍ॅक्सेसरीत येते, वॉरंटी नाही. बरं, विकत द्या. स्टॉकमध्ये नाही. बरं, मशीन परत घ्या. स्वच्छतेच्या कारणानं वापरलेला माल परत घेत नाही. हे मला पटतं हो, पण मग माझ्याकडं राहिलं काय?

मग दर्यापूरच्या मोबाइलच्या दुकानातून स्मार्टवॉचची चुंबकवाली वायर आणली, दीडशे रुपये. टाचण्यांमधलं अंतर जवळपास सारखं. जवळ नेली की नव्या जावयासारखी तोंड फिरवते, चुंबकाची बाजू उलटी. फिरवली तर चिकटली. मी प्लग लावणार, तर हे ओरडले, “थांब वं! प्लसवर मायनस जाऊन राह्यलं!” मीटर लावून दाखवलं. अशी वायर लावणाऱ्यांनी हे आधी तपासाच, नाहीतर आतला बोर्ड जायचा.

एकविसाव्या दिवशी मी १९१५ ला फोन केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलतात. वस्तूचं नाव विचारलं, बिलावरचंच सांगितलं, ‘पर्सनल मसाजर’. पलीकडच्या ताईंनी पुढं एक शब्द विचारला नाही, बिल क्रमांक घेतला. आणि कंपनीला मी स्वतः एक मेल पाठवला. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निपटारा महिन्याभरात व्हायला हवा, तुमचा तक्रार अधिकारी कोण ते कळवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि तक्रार माझ्याच जिल्ह्यात करता येते, तेही लिहिलं. खरं तर अमरावतीला जायला-यायला एक दिवस मोडतो आणि लग्नसराईची शिलाई खोळंबते, मी काही जाणार नव्हते. पण त्यांना काय माहीत!

जानेवारीच्या शेवटी, पस्तिसाव्या दिवशी, फाट्यावरून फोन. तेच पोरगं. “काकू, पार्ट आला.”

उघडलं तर अख्खं नवीन मशीन, सीलबंद! मी खरंच खूश झाले. रागात लिहिलेलं सगळं पुसून पाच स्टार द्यायला बसले. मग खोकं उलटं करून झटकलं. जेलचं पुडकं पडलं, पत्रक पडलं, एक चिठ्ठी पडली. बदली युनिटसोबत अ‍ॅक्सेसरी दिली जात नाही.

वायर नाही.

आता हे दोन मशीन असे आहेत. यांनी जुन्या वायरीचं तोंड कापलं, दोन तांब्याच्या पट्ट्या झाळून घेतल्या, आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याच्या दोन दाढांत बसवल्या. प्लसच्या बाजूला लाल दोरा गुंडाळला, माझ्याच रिळाचा. दर रविवारी दुपारी तो चिमटा बुडाला लावून मशीन दोन तास माझ्या फळीवर चार्ज होतं, आणि मी समोर बसून काज-बटण करते, कारण चिमटा घसरला तर बघायला माणूस हवा. दुसरं मशीन कोरं आहे. बॅटरी अर्धी भरून कापडात गुंडाळून आतल्या खोलीत ठेवलंय, टिनाखाली नाही, उन्हाळा तोंडावर आहे.

मशीनला साडेचार, कंपनीला दीड. दीडही त्या साध्या खोक्यासाठी.

कुणाचं हेच मॉडेल मेलं असेल आणि वायर धड असेल तर सांगा. पैसे नको असतील तर अस्तराचा ब्लाऊज शिवून देईन, माप पाठवा.