नेटवर्क किती दाट? घनता, सरासरी डिग्री की क्लस्टरिंग

नेटवर्क दाट आहे की विरळ हे ठरवायला बहुतेक जण घनता काढून मोकळे होतात. असलेले दुवे भागिले शक्य असलेले दुवे, एवढंच गणित. (नोड म्हणजे नेटवर्कमधला एकेक बिंदू, दुवा म्हणजे दोन नोडमधली जोडणी.) शक्य दुवे म्हणजे नोडची संख्या गुणिले त्याहून एक कमी, भागिले 2. दुव्यांना दिशा असेल तर 2 ने भागायचं नाही. रस्त्यांचे दुवे फक्त चौकातच भेटत असतील, तर 3 गुणिले (नोड वजा 2) याहून जास्त दुवे बसतच नाहीत. तिथे भाजक तोच घ्या.

साधारण सारख्याच आकाराची दोन नेटवर्क ताडून पाहायला घनता उत्तम. आकार बदलला की मात्र ती फसवते. प्रत्येक नोडला सरासरी 10 दुवे आहेत असं धरा. 100 नोडना घनता 0.101 येते, 10,000 नोडना जेमतेम 0.001. एकेका नोडच्या बाजूने पाहिलं तर काहीच बदललेलं नाही! म्हणून लहानमोठी नेटवर्क शेजारी ठेवताना मी सरासरी डिग्रीच, म्हणजे एका नोडमागे सरासरी किती दुवे हाच आकडा घेईन. फक्त मोजक्या नोडकडे बरेचसे दुवे एकवटले असतील तर सोबत मध्यकही द्या.

एखाद्या नोडचे शेजारी एकमेकांशी जोडलेले आहेत का, हे या दोन्हींतून कळत नाही. त्यासाठी क्लस्टरिंग. वेन झॅकरी यांच्या 1977 च्या कराटे क्लबच्या नेटवर्कमध्ये 34 सदस्य, 78 दुवे, घनता 0.139, सरासरी डिग्री 4.59. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांच्या 1998 च्या पद्धतीने (प्रत्येक नोडचं वेगळं काढून त्यांची सरासरी) क्लस्टरिंग 0.57 येतं, तर सगळ्या नेटवर्कमधल्या शेजाऱ्यांच्या जोड्या एकत्र घेऊन त्यांतल्या किती एकमेकांशी जोडलेल्या आहेत, म्हणजे त्रिकोण पूर्ण करतात, ते मोजलं की 0.26. पहिल्या पद्धतीत दोन दुव्यांच्या नोडलाही मोठ्या नोडइतकंच वजन मिळतं, दुसरीत जास्त दुव्यांचे नोड आकडा ओढतात. कोणती पद्धत वापरली ते न लिहिता नुसता आकडा देऊ नका.

आणि यातला एकही आकडा नेटवर्कच्या मजबुतीची हमी देत नाही. 10-10 नोडचे दोन गट घ्या, गटात सगळे सगळ्यांशी जोडलेले, दोन गटांमध्ये एकच दुवा. घनता 0.479, पण तो दुवा गेला की नेटवर्क दुभंगलं. त्याच 20 नोडचं साधं वर्तुळ करा: घनता 0.105, तरी तोडायला दोन दुवे कापावे लागतात. एखादा दुवा बिघडल्यावर काम चालू राहील का, हाच तुमचा प्रश्न असेल तर किमान किती दुवे कापले की नेटवर्क तुटतं ते आधी काढा. घनता नंतर पाहिली तरी चालेल.