ई२० पेट्रोल, २०१६ ची कार्बोरेटरवाली गाडी आणि पेट्रोल कॉकचं रबर : उन्हाळा ते दिवाळी वापरून

गाडी म्हणजे शंभर सीसीची दुचाकी, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग), २०१६ ची. राहायला मिरजेत, रोज सांगलीला जाणं-येणं, मध्येमध्ये गावाकडं शेतावर चक्कर. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल (ऊस, मका यातनं काढलेलं अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल, त्याच्या जास्त खोलात जात नाही. उन्हाळ्यापासून दुसरं काही भरलंच नाही कारण पंपावर दुसरं मिळतच नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. पण आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच आहे.

पूर्वी मागं माणूस बसवून दंडोबाचा चढ चढताना इंजिन खडखड करायचं, ते जवळजवळ थांबलं. इथेनॉलनं ऑक्टेन (खडखड न करता जळण्याची क्षमता) वाढतं, साधं पेट्रोल ९१ चं होतं, ई२० ९५ चं आहे, आणि तो फरक आमच्यासारख्या जुन्या इंजिनालासुद्धा कळतो. पिकअपबद्दल पहिले दोन-तीन महिने माझी काही म्हणजे काही तक्रार नव्हती, भेटेल त्याला मी चांगलंच सांगत होतो.

दुसरं म्हणजे आम्ही ऊसवाले. आपण कच्चं तेल ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून आणतो, तिकडं आखातात काही झालं की इकडं आमच्या खिशाला कात्री. त्यातलं थोडं जरी आपल्या मळीतनं, रसातनं निघत असेल तर मला ते मनापासून पाहिजे. पाच टक्के इथेनॉलचा देशातला पहिला प्रयोग २००१ साली झाला तो मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातल्या बरेलीकडं, हे आमच्या इथल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. २०१४ ला दीड टक्क्यावर रखडलेलं काम जून २०२२ ला दहावर आणि २०२५ ला वीसवर गेलं, मूळ धोरणात हेच २०३० साठी होतं. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून कारखान्याला लवकर येतात, आणि कारखान्याच्या हातात पैसा असला तर एफआरपीसाठी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) आमच्यासारख्यांना चकरा माराव्या लागत नाहीत. हे मी घरात बघतोय.

आता रबर.

पावसाळा लागला आणि एक दिवस सकाळी जिन्याखाली पेट्रोलचा वास. बघतो तर पेट्रोल कॉकमधनं (टाकीखालचा पेट्रोल चालू-बंद करायचा नळ) थेंब थेंब गळतंय, खाली फरशीवर डाग, शेजारी घरातल्या लहान पोरांच्या सायकली लावलेल्या. कॉक फिरवायला गेलो तर घट्ट, रिझर्वला जाईना. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली, तिथं म्हणाले पूर्ण कॉक असेंब्ली बदला, सुटं रबर येत नाही. मी म्हणलं ठीक आहे, पण जॉबकार्डवर कारण लिहा, इथेनॉलनं रबर फुगलं म्हणून. ते लिहीनात. म्हणे पेट्रोलमुळं नाही, जुनं झालंय. मग शेजारच्या जुन्या गाडीचं का नाही झालं तर म्हणे पंपावर पाणी मिसळलं असेल. पंपावर गेलो तर ते म्हणतात डेपोतनं येतं तेच देतो. अर्धा दिवस गेला, एकानं जबाबदारी घेतली नाही, आणि काउंटरवरच्या माणसाचा आवाज तर असा की जणू मी फुकट काही मागतोय. गाडी तशीच घेऊन बाहेर पडलो.

शेवटी आमच्या नेहमीच्या फिटरकडं गेलो. त्यानं कॉक उघडून जुनं रबर हातात दिलं, बोटानं दाबलं तर मऊ पडलेलं आणि आकारानं मोठं झालेलं. शिवाय टाकीच्या तळाला तांबूस गाळ, कार्बोरेटरच्या वाटीत पण तोच. त्याचं म्हणणं, इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेली घाण सोडवतं आणि ती खाली येऊन जेटमध्ये (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बसते, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं त्यामुळं पत्र्याच्या टाकीला पावसाळ्यात गंज लवकर धरतो. माझ्यासमोर त्यानं काचेच्या मोजपात्रात शंभर मिली पेट्रोल घेतलं, त्यात थोडं पाणी टाकून हलवलं आणि ठेवून दिलं. खालचा पाण्याचा थर फुगून वीसेक मिली जास्त झाला, म्हणजे इथेनॉल पाण्यात उतरलं. भेसळ नव्हती, पंपावर जे मिळायला पाहिजे तेच मिळत होतं.

इथं माझं मत बदललं. तोपर्यंत मी म्हणत होतो की गाडी काही कुरकुर करत नाही म्हणजे इंधन चांगलं. आता म्हणतो इंधन चांगलं, पण माझ्या गाडीचं रबर या इंधनासाठी बनलेलंच नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत इथेनॉलला टिकणारं मटेरियल आलं, २०२५ पासून इंजिनची ट्यूनिंग पण त्या हिशोबानं. त्याआधीच्या कोट्यवधी गाड्यांचं काय? पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतः सांगितलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग, गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील आणि ते स्वस्तात होतं. स्वस्त आहे, मान्य. पण ते रबर सुटं मिळतं कुठं? साधं काळं रबर टाकलं तर ते परत फुगणार, त्यासाठी व्हायटॉनचं (इंधनात न फुगणारं खास कृत्रिम रबर) लागतं. मी सांगलीत स्पेअरची दुकानं पालथी घातली, बहुतेकांना नाव माहीत नाही, शेवटी हायड्रॉलिकच्या सीलवाल्याकडं मापाचं मिळालं. ज्या गोष्टीला वडापावपेक्षा जास्त खर्च नाही त्यासाठी इतकी पायपीट का करायची, आणि तीच गोष्ट नसली तर घराच्या जिन्यात पेट्रोल गळतं. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे रबर पुडीत घालून ठेवायला काय हरकत आहे?

अ‍ॅव्हरेज. आधी साठच्या आसपास, पावसाळ्यात पंचावन्नच्या आतबाहेर. फिटरनं जेट साफ केलं, मेन जेट एक नंबर मोठं टाकलं, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, मिश्रण पातळ होतं म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, सेन्सरवाली इंजेक्शनची गाडी ते सांभाळून घेते, कार्बोरेटरला ते जमत नाही. आता सत्तावन्न-अठ्ठावन देते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या दुचाकींना ३-४ टक्के घट लिहिलीय, ती माझ्याकडं जवळपास बरोबर निघाली. त्याच आराखड्यात दोन गोष्टी आणखी होत्या : इथेनॉलवालं पेट्रोल साध्यापेक्षा स्वस्त असावं, आणि जुन्या गाड्यांसाठी ई१० (दहा टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळत राहावं. दोन्ही झालं नाही.

स्वस्त का नाही यावर मी बरंच डोकं खाल्लं, महिन्याला शंभर-सव्वाशेचा माझा फटका आहे आणि तो मला खुपतो. पण आकडे बघितल्यावर थोडा गप्प झालो. २०२४-२५ ला इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१.३२ रुपये, म्हणजे रिफायनरीतल्या पेट्रोलपेक्षा महाग. सी मळीचा (साखर काढून शेवटी उरलेली मळी) इथेनॉल दर ५७.९७, मक्याचा ७१.८६. ते पैसे शेतकऱ्याकडं, कारखान्याकडं जातात, त्यातले काही आमच्याकडंही. त्यामुळं किमतीचा हट्ट मी सोडला. ब्राझीलमध्ये मात्र पंपावर इथेनॉल आणि पेट्रोल दोन्हीचे भाव समोर लिहिलेले असतात, इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर लोक ते भरतात. तिथं इथेनॉलचा कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे.

अजून एक. ७ डिसेंबर २०२३ ला साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल अचानक बंद केलं, ज्यांनी डिस्टिलरीसाठी कर्ज काढलं ते अडकले, आणि ती जागा मक्यानं भरली. मग मका महागला, २०२४ ला तो बाहेरून आणावा लागला. तेल नको म्हणून मका आणायचा असेल तर हिशोब नीट मांडायला पाहिजे. आणि पेट्रोलच्या दुपटीहून जास्त आपण डिझेल जाळतो, ट्रक, ट्रॅक्टर, एसटी, त्याला इथेनॉलनं अजून हातच लागलेला नाही.

तरी मी ई२० च्या विरोधात नाही, सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली तेव्हा मला वाईट वाटलं ते फक्त जुन्या गाड्यांना पर्याय उरला नाही म्हणून. माझी मागणी ई१० एवढीच आहे. प्रत्येक तालुक्यात एका तरी पंपावर ई१० चा एक नोझल ठेवा, जुन्या गाड्या संपतील तशी ती गरज आपोआप संपेल. नव्या गाडीला पाचपैकी साडेचार देईन, माझ्या गाडीला तीन.

दसऱ्यापासून व्हायटॉनचं रबर आहे, गळती नाही, कॉक हलका फिरतो. जुनी गाडी असणाऱ्यांनी पावसाळ्याआधी टाकी एकदा रिकामी करून धुऊन घ्या, गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा. मला आता कार्बोरेटरच्या वाटीचं गॅस्केट व्हायटॉनमध्ये पाहिजे, सांगली-कोल्हापूर-इचलकरंजीत कुणाला सुटं मिळालं असेल तर माप आणि दुकान सांगा.