भिंतीवरच्या हँडरेलसाठी रेव्हिट: जमतं, पण वळसा घालून

रेव्हिट या इमारतींचं मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त भिंतीवरच्या हँडरेलसाठी वेगळं टूल नाही. रेलिंगच सोलून काढावं लागतं. टाइप डुप्लिकेट करा, टॉप रेल (वरची दांडी) 'नन', बॅलस्टर (उभ्या कांबी) आणि पोस्टही (खांब) 'नन'. मग हँडरेल १ ला उंची ९०० मिमी, हँड क्लिअरन्स (भिंतीपासून हातासाठी मोकळी जागा) ५० मिमी, सपोर्टचं म्हणजे ब्रॅकेटचं लेआउट 'मॅक्सिमम स्पेसिंग'. एक्स्टेन्शन स्टाइल 'वॉल' ठेवली की टोक भिंतीकडे वळतं. बाही अडकत नाही. हा भाग झकास.

ब्रॅकेट हवेत लटकले, तर पोझिशन डावी-उजवी बदला. खरी कटकट दारांची: तिथं रेषा तोडावी लागते, पण एका स्केचमध्ये तुटक रेषा चालत नाहीत, म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा. शिवाय रेलिंग भिंतीच्या उभ्या बाजूला होस्ट होत नाही, म्हणजे तिच्याशी आपोआप जोडलं जात नाही. रेषा फिनिश फेसला (भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागाला) लॉक केली नाही, तर भिंत सरकते, हँडरेल तिथंच.