आई-बाबांना घेऊन दीपगृह बघायचंय: एव्हन्स्टन की मिशिगन सिटी?

उन्हाळ्यात आई-बाबा शिकागोला आले की पहिल्या वीकेंडला डाउनटाउन होतं, दुसऱ्याला ऑरोराचा बालाजी, आणि तिसऱ्या शनिवारी चहाचे कप हातात धरून सगळे एकमेकांकडे बघत बसतात. अशा वेळी मी लेक मिशिगन या सरोवराच्या काठचं जुनं दीपगृह सुचवते. सकाळी निघून रात्री घरी जेवायला परतता येईल अशी दोन चांगली आहेत. एक एव्हन्स्टनचं ग्रोस पॉइंट, दुसरं इंडियानातल्या मिशिगन सिटीचं. दोन्हीकडे आम्ही आई-बाबा आणि सहा वर्षांची लेक, अशा लवाजम्यासह जाऊन आलो. ठरवण्याआधी एकच बघा: तुमच्या गाडीत सगळ्यात म्हातारे गुडघे कुणाचे आणि सगळ्यात लहान पाय कुणाचे.

ग्रोस पॉइंट जवळ पडतं. शिकागोच्या उत्तरेला, शेरिडन रोडलाच लागून. गाडी नसेल तर पर्पल लाइन ट्रेनच्या सेंट्रल स्टेशनवर उतरून सरोवराच्या दिशेने सरळ चालत सुटायचं. १८७३ साली बांधलेला हा मनोरा ११३ फूट उंच आहे, आणि तो इथे का उभा राहिला ते वर चढण्याआधी घरच्यांना जरूर सांगा. सप्टेंबर १८६० मध्ये शिकागोहून मिलवॉकीला परतणाऱ्या ‘लेडी एल्जिन’ या आगबोटीला रात्री एका शिडाच्या जहाजाची धडक बसली आणि सुमारे तीनशे माणसं बुडाली. काठावरून मदतीला धावलेल्यांत शेजारच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातली पोरं होती. त्यातल्या एडवर्ड स्पेन्सरने पुन्हापुन्हा लाटांत शिरून १७ जणांना बाहेर काढलं. त्यानंतर इथे दीपगृह हवंच, अशी मागणी गावाने लावून धरली.

वर जायला १४१ पायऱ्या आहेत. पर्वतीला १०३, म्हणजे आकडा घाबरवणारा नाही. पण पर्वतीवर मध्ये टेकायला जागा असते, इथे गोल जिना फिरतच राहतो. शिवाय आठ वर्षांखालच्या मुलांना मनोऱ्यात सोडत नाहीत, आणि हे आम्ही आधी वाचलेलं नव्हतं. त्यामुळे आमची निम्मी वरात खालीच राहिली. आई आणि नात झाडाखाली बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपवत होत्या. आत जाऊन बघण्याची सोय जून ते सप्टेंबर, तीही शनिवार-रविवारीच.

जे वर जातील त्यांच्यासाठी मात्र तिथलं फ्रेनेल भिंग हेच येण्याचं कारण. पॅरिसहून आणलेलं, अजून मूळ जागेवर. भिंग म्हटल्यावर आपल्याला एक गोल काच आठवते. हे तसं नाही. त्रिकोणी कडांच्या काचपट्ट्यांची कडी एकावर एक रचलेली आहेत. मधली कडी प्रकाश वाकवतात, वरची-खालची त्याला परत फिरवतात, आणि चारी दिशांना वाया जाणारा उजेड एका आडव्या पट्ट्यात गोळा होऊन दूरवर जातो. आमचे बाबा म्हणाले, “एवढ्या मोठ्या दिव्याला रॉकेल किती लागत असेल!” भिंग असल्यामुळेच कमी लागायचं, हे पटवायला खाली येईपर्यंतचा जिना पुरला.

मिशिगन सिटीला मनोरा शोधू नका. १८५८ चं जुनं दीपगृह म्हणजे छपरावर दिव्याची खोली बसवलेलं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. शिकागोहून साठेक मैल. साउथ शोअर लाइनची ट्रेनही जाते. इथली गोष्ट हॅरिएट कोलफॅक्स या बाईंची. १८६१ ते १९०४, त्रेचाळीस वर्षं त्यांनी हा दिवा सांभाळला आणि ऐंशीव्या वर्षी खाली ठेवला. चुलतभाऊ अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत होता, त्याच्या शब्दावर नोकरी मिळाली. वशिल्याची नोकरी इतकी निभावलेली मी तरी दुसरी ऐकली नाही. पाण्यात शिरलेल्या बंदराच्या धक्क्याच्या टोकालाही एक दिवा होता. दिव्यात डुकराच्या चरबीचं तेल; थंडीत ते थिजायचं. म्हणून घरी चुलीवर तापवायचं आणि वादळात, लाटा अंगावर घेत, ते थिजायच्या आत टोकापर्यंत पोचायचं.

१९०४ साली मुख्य दिवाच धक्क्याच्या टोकावर गेला. तो अजून चालू आहे. आत जाता येत नाही, पण धक्क्यावरून त्याच्यापर्यंत चालत जाता येतं. डोक्यावरून गेलेला लोखंडी पूल दिवा सांभाळणाऱ्यांसाठी होता. वारा असेल त्या दिवशी मात्र धक्क्यावर जाऊच नका. आम्ही ‘जरासंच पुढे’ करत गेलो आणि एका लाटेने बाबांना गुडघ्यापर्यंत भिजवलं. बाजूला वॉशिंग्टन पार्कची भरपूर वाळू आहे (उन्हाळ्यात पार्किंगचे पैसे पडतात), तिथे लेक तीन तास खेळली. बाबांनी ओंजळीने पाणी चाखून बघितलं. एवढ्या लाटा आणि मीठ नाही, हे त्यांना पटेना. अख्खा कोकण विभाग जवळजवळ दोनदा मावेल एवढं हे गोडं पाणी.

मुलं आठच्या वरची आणि गुडघे शाबूत असतील तर माझं मत ग्रोस पॉइंटला. अर्ध्या दिवसात होतं, आणि उरलेल्या वेळात पाच मिनिटांवरचं विल्मेटचं बहाई मंदिर बघता येतं. दिल्लीचं लोटस टेंपल पाहिलेल्यांना लगेच ओळख पटते. सोबत लहान मूल किंवा जिना न झेपणारं माणूस असेल तर दुसरा विचार न करता मिशिगन सिटी. विस्कॉन्सिनमधल्या रसीनजवळचं १८८० चं विंड पॉइंट दीपगृहही देखणं आहे, पण मनोरा मोजक्याच दिवशी उघडतो आणि अंतर जास्त. तिकडे जाणं झालं तर गावातलं क्रिंगल, म्हणजे तिथली गोड डॅनिश पेस्ट्री, तेवढी घेऊन या.

आणि दोन्हीकडे आईंसाठी स्वेटर घ्या, जुलै असला तरी. आमच्या आईने मनोरा एकही चढला नाही. पण कराडला मावशीला फोन लावला तेव्हा तिने सांगितलं ते चुलीवर तेल तापवणाऱ्या बाईंचंच, आणि शेवटी विचारलं, “थंडीत खोबरेल थिजतं, तेव्हा तू काय करतेस गं?”