मीटरवर ७१,३००, खिशातून १६,७१,०००

जुनी गाडी विकून मला फसवणाऱ्या डीलरचं नाव लिहीत नाहीये. वकिलांनी तंबी दिलीय, केस चालू आहे, उलट अब्रुनुकसानीचा दावा ठोकेल म्हणून. पुण्यात, हमरस्त्यावर, काचेची शोरूम, दारात गणपती, आत एसी आणि बसल्या बसल्या कोल्ड कॉफी. गाडीच्या कंपनीचंही नाव लिहीत नाही, कारण तिचा यात काही दोष नाही. जर्मन डिझेल सेडान, २०१५ ची, दिल्ली पासिंग, ‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी’, मीटरवर ७१,३०० किलोमीटर. नवी असताना पन्नास लाखांच्या घरातली. मला १२,२५,००० सांगितली, ठरली ११,४०,००० ला. सप्टेंबर २०२४.

आता लगेच कुणीतरी शहाणा म्हणणार, एवढी स्वस्त कशी, हा प्रश्न पडला नाही का? पडला होता. आणि त्याचं उत्तर खरं होतं, हीच तर गोम आहे. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्ली-एनसीआरच्या रस्त्यांवर नकोत असा हरित लवादाचा आदेश २०१५ चा, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब २०१८ चं. त्यामुळे तेव्हा तिकडे गाडी नऊ वर्षांची झाली की मालक मिळेल त्या भावाला काढायचा आणि एनओसी घेऊन ती आपल्याकडे यायची. हे सगळं मी वाचलेलं होतं, मेहुण्याशी बोललो होतो, तोही म्हणाला बरोबर आहे. स्वस्ताईचं कारण खरं निघालं की माणूस बाकीच्या गोष्टी तपासायचं सोडून देतो. डीलरला हे माझ्याआधी माहीत होतं.

मी अडाणी नाही. सांगलीत माझं कृषी सेवा केंद्र आहे, रोज उधारीवाल्यांची तोंडं बघून माणूस ओळखतो. गाडी घेण्याआधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून पाहिला. मालक एक, बोजा नाही, काळ्या यादीत नाही. हे सगळं खरंच होतं. फक्त किलोमीटर तिथे नसतात. आरसीवर नाही, एनओसीवर नाही.

तो क्षण मात्र रोज आठवतो. ट्रायलला गाडी शोरूमच्या मागे, सावलीत उभी होती. मी सवयीने बॉनेटवर हात ठेवला. तापलेलं होतं. चांगलं चटका बसेल इतकं. सकाळचे साडेदहा, शोरूम नुकती उघडलेली. मी विचारलंसुद्धा, “गाडी आत्ता चालवली का?” पोरगा म्हणाला, “हो सर, आत्ताच एक पार्टी बघून गेली. संध्याकाळी टोकन देतो म्हणालेत.” एका वाक्यात दोन कामं केली त्याने. तापलेल्या इंजिनाचा खुलासा दिला आणि वर मला घाई लावली. मी टोकनच्या विचारात पडलो. अरे, शोरूम उघडायच्या आधी कुठली पार्टी येऊन जाते? पण त्या वेळी डोक्यात एवढंच, की दुसरा घेऊन जाईल. ताणलेली टायमिंग चेन (इंजिनातले भाग एका तालात फिरवणारी साखळी) इंजिन गार असताना, पहिल्या सेल्फला खडखडते. ऑइल चढलं, इंजिन तापलं की बऱ्याचदा आवाज दबतो. म्हणून गाडी तापवून ठेवली होती. जुनी डिझेल गाडी बघायला जाल तेव्हा गार इंजिनच बघायचं. बॉनेट गरम असेल तर परत फिरा, किंवा तिथेच जेवणवेळेपर्यंत बसून राहा. लाज धरू नका.

आणि ब्रेक पेडलचं रबर. कोरं करकरीत. मॅटही नवे. स्टिअरिंगवर नवं चामड्याचं कव्हर. मला वाटलं, डीलर माल सजवून ठेवतो, दुकानात मीही ठेवतो. सत्तर हजार किलोमीटरला पेडलचं रबर बदलायची वेळ येत नाही, हे तिथे उभं राहून कुणाच्या लक्षात येईल? ज्याला आता येतंय त्याने आधी सांगायला हवं होतं.

पैसे कसे दिले तेही सांगतो, कारण पुढे तेच नडलं. ९,५०,००० आरटीजीएस आणि १,९०,००० रोख. दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो, म्हणून बरोबर आतला आकडा. पावती ९,५०,००० चीच. “सर, इन्शुरन्स, कागदपत्रं सगळं सोपं जातं,” म्हणे. या धंद्यात सगळेच असं घेतात, नाही म्हटलं तर गाडी मिळत नाही. तरी सांगतो, एक रुपयाही पावतीबाहेर देऊ नका. वर डिलिव्हरी नोटवर इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात, ‘गाडी आहे त्या स्थितीत, किलोमीटरची जबाबदारी विक्रेत्याची नाही.’ सही माझी.

पहिला फटका टॅक्सचा. डीलर म्हणाला होता साठ-सत्तर हजार. महाराष्ट्रात नोंदणी करताना मूळ किमतीवर वयाचा घसारा धरून टॅक्स काढतात, तुम्ही ती कितीला घेतली हे विचारत नाहीत. आकडा निघाला २,११,६००. एजंटचे १८,०००. दिल्लीची जुनी ई-चलनं १४,५००, ती मी एनओसी झाली म्हणजे चलनंही भरली असतील असं समजून पाहिलीच नव्हती. दुसरी चावी ‘कुरिअरने येतेय’ होती, ती अजून येतेय. नवी करून घेतली, ३६,५००.

मग दिवाळीनंतरच्या थंडीत सकाळी खडखड सुरू झाली. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. या इंजिनात चेन पुढे नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला असते, त्यामुळे पार्ट किरकोळ आणि उघडण्याची मजुरी डोंगराएवढी. एस्टिमेट २,८६,००० चं. बाहेरच्या मिस्त्रीकडून १,६२,००० मध्ये करून घेतली. पाठोपाठ मागची एअर सस्पेन्शन बसली, रात्रभरात गाडी बूड टेकून उभी. ८८,४००. अशा गाडीची किंमत नऊ वर्षांत पाव होते, पार्ट्सची होत नाही. ते पन्नास लाखांच्या गाडीच्याच भावाने येतात. घरी हिने तेव्हा नवी हॅचबॅक घ्या म्हटलं होतं, वॉरंटीसकट. तो विषय आमच्याकडे अजून निघतो.

खरी भानगड मिस्त्रीने काढली. त्याने स्कॅनर लावला आणि जुने फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने टिपून ठेवलेले बिघाड, बघता बघता मला हाक मारली. कोड पडतो तेव्हा गाडीचा संगणक त्या क्षणाचं किलोमीटरही नोंदवून ठेवतो. एका कोडसमोर होतं १,९३,०६०. डॅशबोर्डवर तेव्हा ७४ हजार आणि काही. पुढचं मीटर फिरवलं, पोटातलं पुसायचं राहिलं. आरसी माझ्या नावावर झाली होती, म्हणून सर्व्हिस सेंटरने चॅसिस नंबरवरून इतिहास दिला. शेवटची नोंद फेब्रुवारी २०२२, दिल्ली, १,६८,४१२ किलोमीटर. हाच कागद मी खरेदीआधी मागितला होता! “मालकाचा मेल आणा, तुम्हाला देता येत नाही.” म्हणजे ज्याला गरज आहे त्याला नाही, ज्याचे पैसे गेले त्याला मिळतो. उपाय एकच, विकणाऱ्याला सांगा की मूळ मालकाच्या मेलवरून सर्व्हिस हिस्टरी मागव, नाहीतर सौदा नाही. आणि मिस्त्री स्वतःचा न्या, स्कॅनरसकट. दीड-दोन हजारांत काम होतं.

डीलरला फोन केला. आधी “बघतो”, मग “मागच्या मालकाने केलं असेल, आम्हाला काय माहीत”, मग फोन बंद.

आता सरकारी पाहुणचार. सांगलीत पोलीस ठाण्यात गेलो. “व्यवहार पुण्यात झाला, तिकडे जा.” गुन्हा कुठेही घडला तरी तक्रार घ्यावी लागते असं म्हटल्यावर हवालदार हसले, “मोबाइलवर वाचलं का?” पुण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी कागद उलटेपालटे केले आणि निकाल दिला, ही दिवाणी बाब आहे. फसवणुकीचं कलम ३१८ आहे की न्याय संहितेत, म्हटलं तर म्हणाले, “मीटरचं कलम दाखवा.” १,९३,०६० चा प्रिंट टेबलावर ठेवला. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. अर्ज घेतला, पोच दिली नाही. “ठेवून जा, चौकशी करतो.” शेवटी रजिस्टर पोस्टाने पोलीस आयुक्तालयाला पाठवला, त्याची तरी पावती आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी पोस्टाने पाठवा, ठाण्यातल्या बाकड्यावर आयुष्य घालवू नका.

आरटीओचं वेगळंच. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सी ने तशी नोंद करायची. माझ्या डीलरकडे अधिकारपत्रच नाही असं समजलं. वाटलं, सापडला! सांगलीचं ऑफिस म्हणालं एमएच १२ वाल्यांकडे जा. ते म्हणाले, गाडी तुमच्या नावावर थेट दिल्लीच्या मालकाकडून झालीय, यात डीलर दिसतच नाही. बरोबर आहे, दिसू नये म्हणूनच तसं केलं ना! गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या डॉक्टरांच्या, पैसे याच्या खात्यात. दुकान गजबजलेल्या रस्त्यावर, बोर्ड वीस फुटी, शंभर गाड्या उभ्या, आणि सरकारला तो दिसत नाही. मी सीटबेल्ट न लावता कोपऱ्यावर गेलो तर कॅमेऱ्याला दिसतो. तुम्ही जाल तेव्हा आधी अधिकारपत्राचा नंबर मागा. नसेल तर कॉफीही पिऊ नका.

ग्राहक आयोग तेवढं बरं. आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, पुण्याला खेटे नाहीत. फी मात्र दिलेल्या रकमेवर, आणि कागदावर माझे ९,५०,०००, म्हणून फी २०० रुपये. दहा लाखांवर असतं तर ४००. ते दोनशे रुपये वाचल्याचा असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, कारण त्याच हिशोबाने १,९०,००० गेले. समोरच्याने ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवस घेऊन उत्तर द्यायचं. निकाल तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायद्यात छापलंय. प्रत्यक्षात तारीख. कधी त्यांचे वकील आजारी, कधी सदस्यांची जागा रिकामी.

हा सगळा हिशोब १६,७१,००० चा झाला. टायर आणि बॅटरी धरलेली नाही.

दिल्ली पासिंगची गाडी तुम्हीही घेतली असेल आणि ती गोड चालत असेल, तरी या आठवड्यात जुने कोड काढून घ्या, त्यातलं किलोमीटर बघा आणि तारखेसकट प्रिंट ठेवा. आणि स्कॅनच्या आधी कुठल्याही गॅरेजवाल्याला ‘सगळे एरर क्लिअर कर’ म्हणू नका, पुरावा त्यातच असतो. ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची आहे. माझ्या डीलरकडून गाडी घेतलेल्या ज्या लोकांनी मला आतापर्यंत गाठलंय, त्यातल्या दोघांची ती संपत आलीय आणि ते अजून पोलिसांच्या फोनची वाट बघतायत.