टोकन गेलं, आणि नकाराचं कारणही खोटंच निघालं

मुलुंडमध्ये भाड्याने वन बीएचके शोधत होतो. ब्रोकरने एका रविवारी फ्लॅट दाखवला. भाडं 30,000, डिपॉझिट एक लाख. "मॅडम, अजून दोन पार्ट्या रांगेत आहेत." उभ्या उभ्या 15,000 टोकन यूपीआयने पाठवलं. खाण्यापिण्याची चौकशी त्याने स्वतःहून केली. आम्ही मालवणचे, माशांशिवाय जेवत नाही, हे मीच कौतुकाने सांगितलं.

तिसऱ्या दिवशी फोन. "सॉरी मॅडम, सोसायटी नॉनव्हेजवाल्यांना एनओसी देत नाही. तुमच्यासाठी खूप भांडलो." टोकन म्हणे मालकाकडे गेलं, ते परत मिळत नाही.

मला जराही शंका आली नाही. 2023 मध्ये याच मुलुंडात मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ गाजला होता, मग हे तरी खोटं का वाटावं? रागापेक्षा लाजच जास्त वाटली. नवरा म्हणाला, जाऊ दे, कुणाकुणाला सांगत बसणार?

मावसभाऊ वकील आहे. तो म्हणाला, खासगी घरमालकाने धर्म किंवा खाणं बघून घर नाकारलं, तर त्याला अडवणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. घटनेचं कलम 15 सरकारला आणि दुकानं, हॉटेलांसारख्या जागांना लागू. एचआयव्हीबाधितांसाठीचा 2017 चा आणि तृतीयपंथीयांसाठीचा 2019 चा कायदा मात्र घर नाकारण्याला भेदभाव मानतो. "पण सोसायटी मध्ये कुठून आली? आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, भाडेकरू ठेवायला तिची परवानगी लागतच नाही. सभासदाने आधी कळवायचं, बस्स."

मग भांडायच्या तयारीनेच सेक्रेटरीकाकूंची बेल वाजवली. दार उघडलं आणि आतून बोंबील तळल्याचा वास आला! माझं सगळं भाषण तिथेच विरलं. त्यांच्याकडे कुणाचा अर्जच आला नव्हता. फ्लॅट दोन भावांच्या वादात बंद, साफसफाईसाठी किल्ली ब्रोकरकडे.

वॉचमनच्या वहीत त्याच्या नावापुढे पाच रविवार, पाच पार्ट्या. काकूंनी फोन फिरवले. मुसलमान कुटुंबाला ब्रोकरने सांगितलं होतं, मुस्लिम चालत नाहीत. एकट्या मुलीला, बॅचलर नकोत. ज्याला जे आधीच कुठेतरी ऐकावं लागलं होतं, तेच त्याला ऐकवलं. टोकन पाचही जणांचं बुडालं, तक्रार एकाचीही नाही.

म्हणून सांगते, टोकन देण्याआधी मालकाशी स्वतः बोला, त्याच्या नावाचं वीजबिल किंवा इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) बघा, सोसायटीच्या ऑफिसात डोकवा. करार झाला नाही तर टोकन परत, एवढी ओळ पावतीवर घ्याच. नकार आला तर कारण लेखी मागा. मी मागितलं असतं तर तो तिथेच अडकला असता.

फसलेल्यांपैकी आम्ही तिघांनी मिळून पोलिसांत फसवणुकीचा अर्ज दिलाय, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. दुसऱ्याच दिवशी माझ्या खात्यात 5,000 आले, सोबत मेसेज: "मॅडम, विषय वाढवू नका." उरलेले 10,000 अजून यायचेत.